कौलं काढून पत्रे घालायचे? जरा थांबा!

वळचण: काल इथे एकाने लिहिलंय की गावचं घर दुरुस्त करताय तर मंगलोरी कौलं उतरवा, कौलाच्या डिझाइनचे कलर पत्रे टाका, मग वर बघायलाच नको. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. आमचं घर दापोली तालुक्यात, पुढे कौलं आणि मागच्या पडवीवर २०१६ ला पत्रे घातले. एप्रिलमध्ये दुपारी त्या पडवीत अर्धा तास बसून दाखवा, आणि पावसात तर बाजूच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. शिवाय खारा वारा. पत्र्याच्या आधी स्क्रू गंजतो, त्याखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो आणि त्याच भोकातून पाणी. आमच्याकडे चौथ्या पावसाळ्यातच सुरू झालं. कौल फुटलं तर ते काढून दुसरं सरकवायचं, विषय संपला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या बासेल मिशनने १८६५ ला मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं आपल्या किनाऱ्याचा पाऊस झेलतायत.

चाकरमानी७८: तुम्ही गावात राहता म्हणून जमतं हो. आम्ही येणार गणपतीत आणि मे महिन्यात, शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर दोन दिवसांचं काम आठ दिवस. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमची कौलं पाचोळ्यासारखी उडाली, आई एकटी घरात, डोक्यावर पाट धरून देवघराच्या कोपऱ्यात बसली होती. नंतर कौलं मिळेनात, अख्खा पावसाळा ताडपत्रीवर काढला. मला कौलांचं कौतुक सांगू नका.

वळचण: आईंचं वाचून वाईट वाटलं. पण पत्रेही उडालेच ना! शेजाऱ्यांचा पत्रा माडाला गुंडाळलेला मी स्वतः बघितलाय. तो माणसाला लागला असता तर?

लालमाती: वादळ कधीतरी येतं, माकडांचं काय? रोज सकाळी टोळी फणसावरून थेट आढ्यावर. गेल्या मे महिन्यात कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, बसवले, जूनच्या आत सात फोडले. काकू रात्री गळतीखाली पातेली लावत बसते.

चाकरमानी७८: तेच तर म्हणतोय, पत्र्यावर नाचू देत किती नाचायचं ते.

परसदार: माकडं घरावर आली कुठून? घाटात गाडी थांबवून बिस्किटं टाकणारे तुम्ही मुंबईवालेच. आता त्यांना जंगलातलं नको झालंय. आमच्या नारळाचं, केळीचं, पपईचं नुकसान कोण भरून देणार?

चाकरमानी७८: मी आयुष्यात एक बिस्किट टाकलेलं नाही. उगाच काहीही बोलू नका. जंगल तोडून कलमं लावली ती कोणी, आम्ही?

परसदार: कलमांवर घर चालतं आमचं. पगार येत नाही महिन्याला.

लालमाती: भांडू नका रे. हिमाचलात माकडांची नसबंदी केली, तशी इथे व्हायला हवी, नाहीतर कौलं काय नि पत्रे काय.

रंधा: मी सुतारकाम करतो म्हणून बोलतो. कौल अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधराएक, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. अर्धा एमएमचा पत्रा तेवढ्याच जागेत चार किलो. वासे वाळवीने खाल्लेले असतील तर आधी ते बदला, नुसती नवी कौलं चढवून उपयोग नाही. आणि पत्रा हलका म्हणूनच वारा त्याला खालून उचलतो, हूक कमी मारले की गेला. वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, ओळी तारेने बांधल्या तर कौलंही बरीच टिकतात, कौलाला त्यासाठी भोक असतं. हल्ली कोणी बांधतच नाही.

चाकरमानी७८: आमची बांधलेली नव्हती, हे खरं. ठीक आहे, ओटी आणि माजघरावर कौलं ठेवतो, तारेने बांधून घेतो. पण मागची पडवी आणि गोठा, तिथे पत्राच. त्यावर वाद नको.

वळचण: गोठ्यावर तर मुळीच नको! दुपारी गुरांचे हाल होतात.

चाकरमानी७८: गुरं बाबा गेले त्याच वर्षी विकली. आता तिथे लाकडं असतात.