मदत हवी आहे: मेलेल्या गाईचं काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही म्हसळा तालुक्यात राहतो. इकडे पांढऱ्या पाठीची गिधाडं अजून टिकून आहेत, म्हणून मेलेलं जनावर आम्ही त्यांच्यासाठी माळावर ठेवतो. काल रात्री आमची कपिला गेली. पाय सुजला म्हणून परवाच तिला इंजेक्शन दिलं होतं. गोठ्यात रिकामी बाटली सापडली, पण शेणाने लेबल अर्धं निघालंय. ‘प्रोफेन’ एवढंच वाचता येतं. डॉक्टर परगावी गेलेत.

डायक्लोफेनॅक हे दुखण्या-सुजेवरचं औषध जनावरांसाठी २००६ सालीच बंद झालं, तसलंच किटोप्रोफेन २०२३ मध्ये. असं औषध मांसात उरलं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हृदयावर-यकृतावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर बसतो. एका जनावरावर अख्खा थवा उतरतो हो! माझा तर जीव धजत नाही.

म्हणून पुरायचं ठरवलंय. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खड्डा किती खोल घ्यावा? यकृताचा तुकडा तपासायला द्यायचा तर कशात ठेवू, कुठे पाठवू? आणि मेलोक्सिकॅम हे दुखण्यावरचं दुसरं औषध गिधाडांना सुरक्षित आहे. ते श्रीवर्धन-माणगावकडे कुठल्या दुकानात मिळतं? दुसरी गायही लंगडतेय. कृपया आजच कळवा.