हिमा दास: ताम्पेरेनंतरची कारकीर्द कशी मोजावी?

धावपट्टी (प्रश्न):
फिनलंडमधील ताम्पेरे येथे १२ जुलै २०१८ रोजी वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत हिमा दासने ४०० मीटरची शर्यत ५१.४६ सेकंदांत जिंकली. जागतिक पातळीवर धावण्याच्या शर्यतीत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. शेवटच्या वळणावरून सरळ पट्ट्यात येताना ती आघाडीवर नव्हती, तरी तिथून तिने रुमानियाच्या आंद्रेया मिक्लोशला मागे टाकले. पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने ५०.७९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवून रौप्यपदक मिळवले. ही वेळ नंतर तिला पुन्हा गाठता आली नाही. आपल्या अपेक्षाच अवाजवी होत्या, की तिच्या तयारीत काही राहून गेले?

तिसरी लेन:
अपेक्षांचे उत्तर त्याच वर्षीच्या आकड्यांत आहे. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हिमा ५१.३२ सेकंदांत धावली, म्हणजे ताम्पेरेपेक्षाही वेगाने, आणि तरीही सहावी आली. कनिष्ठ गटातील सुवर्ण आणि वरिष्ठ गटातील अंतिम फेरी यांच्यात किती अंतर असते, ते यावरून कळते. जकार्तात तिला हरवणारी बहारीनची सल्वा ईद नासर ५०.०९ सेकंदांत धावली होती आणि पुढच्याच वर्षी दोह्याच्या जागतिक स्पर्धेत ती ४८.१४ सेकंदांपर्यंत पोहोचली.

मात्र हिमाच्या वाटेत खरा अडसर आला तो पाठीच्या दुखण्याचा. एप्रिल २०१९ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच तिला शर्यत अर्धवट सोडावी लागली. ४०० मीटरमध्ये शेवटच्या शंभर मीटरला कोणाचाच वेग वाढत नाही. ज्याचा वेग सर्वांत कमी घटतो, तो पुढे निघतो, आणि ती सहनशक्ती लांब आवर्तनांतूनच, म्हणजे सरावात लांब अंतर पुन्हा पुन्हा वेगाने धावण्यातूनच, येते. पाठ साथ देत नसेल, तर नेमका हाच सराव बंद पडतो. म्हणून मी तिच्या जिद्दीवर बोट ठेवणार नाही.

शर्यतप्रेमी:
जुलै २०१९ मधील हिमाच्या पाच सुवर्णपदकांमुळेही चित्र धूसर झाले, असे माझे मत आहे. पोलंड आणि चेक प्रजासत्ताकातील त्या स्पर्धा लहान होत्या. त्या महिन्यात २०० मीटरमधील तिची सर्वोत्तम वेळ २३.२५, तर दोह्याच्या जागतिक स्पर्धेसाठी पात्रता २३.०२ होती; ४०० मीटरमध्ये ती ५२.०९ सेकंदांत धावली आणि तिथे ५१.८० हवे होते. दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूसाठी त्या शर्यती योग्यच होत्या, पण वृत्तपत्रांनी पदके मोजली आणि वेळ छापली नाही.

तिसरी लेन:
सहमत. त्या महिन्यात तिच्यावर लादलेले ओझे तिने मागितलेले नव्हते.

वळणानंतर:
कनिष्ठ गटातील यश पुढे टिकेलच, असे जगात कुठेही नाही. अमेरिकेची कँडेस हिल २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी १०० मीटर १०.९८ सेकंदांत धावली, आणि नंतर तिला ती वेळ सुधारता आली नाही. उलट सेंट लुसियाची ज्युलियन अल्फ्रेड २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकाची मानकरी होती. अमेरिकेतील विद्यापीठाच्या संघात तिला शांतपणे वाढायला वेळ मिळाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला १०.७२ सेकंदांत ती ऑलिंपिक विजेती झाली.

मात्र हिमाची घसरण २०१८ नंतर लगेच सुरू झाली, हे मला मान्य नाही. पाठीमुळे ४०० मीटर सोडून ती २०० मीटरकडे वळली आणि जून २०२१ मध्ये पतियाळात २२.८८ सेकंदांत धावली. टोकियो ऑलिंपिकची पात्रता २२.८० होती. त्यानंतर काही दिवसांतच मांडीमागचा स्नायू दुखावला आणि ती संधी गेली. हा निकाल ताम्पेरेइतका कोणाच्या लक्षात नाही, पण अंतर बदलून, दुखऱ्या पाठीनिशी ती सरस्वती साहाच्या २००२ मधील २२.८२ या राष्ट्रीय विक्रमापासून अवघ्या सहा शतांश सेकंदांवर पोहोचली होती, आणि तिच्या कारकिर्दीचा हिशेब करताना मी ही शर्यत जकार्ताच्या रौप्याच्या शेजारी ठेवेन.