गोल्फ: समुद्रालगतच्या पार-थ्रीवर कुठला क्लब (काठी) घेऊ? मदत हवी आहे

टिळकवाडीकर: मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. ११० यार्डांचा साधा पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल. पिचिंग वेज मारला की बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडच्या पाण्यात, त्याच्या वरचा नाइन आयर्न मारला की ग्रीनवरून उडून थेट समुद्राकडे (आयर्नचा नंबर जेवढा लहान, बॉल तेवढा लांब). मधला क्लबच नाही. हाच वेज बेळगावात डोळे झाकून ११० जातो. शनिवारी परत जायचंय, पैज लागलीय. लवकर सांगा. स्विंग बदल म्हणून सांगू नका.

कॅम्पातला_काका: कुठं खेळतोस? किती वाजता? वारा कुठला? बॉल कसले?

टिळकवाडीकर: काका, दक्षिण गोव्यात, एका रिसॉर्टचा कोर्स. बॉल नेहमीचेच. वारा काही नाही, टीवर, म्हणजे पहिला फटका मारतो तिथं, पानसुद्धा हलत नाही.

निपाणीकर: सोपं आहे. बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर, गोवा समुद्रसपाटीला. खाली हवा जड. त्यात दमट हवेत बॉल अडकतो. दोन क्लब वर जा, म्हणजे दोन पायऱ्या लांब मारणारा घे, विषय संपला.

निवृत्त_गुरुजी: अर्धं बरोबर. उंचीचा फरक पडतो, पण ११० यार्डांत दोन-तीन यार्डांचाच, आणि गोव्याच्या उकाड्यात त्यातलाही थोडा भरून निघतो. दमट हवा मात्र कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजनपेक्षा हलका.

निपाणीकर: गुरुजी, तिथं पावसाळ्यात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत आणि तुम्ही हवा हलकी म्हणायलाय?

निवृत्त_गुरुजी: कपडे न वाळण्याचा आणि हवेच्या घनतेचा संबंध नाही.

शहापूरची_सून: बेळगावच्या गोल्फ कोर्सकडे आता बिबट्या नाही ना? २०२२ ला त्याच्यापायी पोरांच्या शाळा बंद होत्या, हत्ती आणून शोधत होते. सकाळी फिरायला जायचं म्हणतोय.

टिळकवाडीकर: ताई, हा धागा गोल्फचा आहे.

शहापूरची_सून: मग मी पण गोल्फ कोर्सचंच विचारायलेय की.

कॅम्पातला_काका: टिळकवाडी, ग्रीनवरचा झेंडा हलतो का? टीजवळ झाडं आहेत? आणि वेज नि नाइन आयर्न एकाच वेळी मारलेस का?

टिळकवाडीकर: झेंडा फडफडतो की. टीभोवती सुरूची दाट झाडं. वेज दुपारी, इथून चोर्ला घाटाने उतरून जेवून खेळतो तेव्हा. नाइन आयर्न मुक्कामाला होतो तेव्हा, सकाळी सातला. त्याचा इथं काय संबंध?

कॅम्पातला_काका: अरे बाबा, सगळा संबंध तिथंच! दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून आत येतो, म्हणजे तुझ्या तोंडावर. रात्री जमीन निवते, त्यामुळे सकाळी तो उलटा, तुझ्या पाठीमागून. सुरूच्या आडोशाला तुला काही कळत नाही, पण बॉल शेंड्यांच्या वर गेला की त्याला कळतं. टीवर गवत उडवून बघत बसू नकोस, झेंडा बघ. दुपारी एट आयर्न घे, हात ग्रिपवर खाली धर, बॉल उजव्या पायाकडे थोडा सरकव आणि पाऊणच स्विंग घे. जोर लावून वेज मारलास की बॉलला फिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि वाऱ्यात उभाच राहतो. सकाळी वेज पुरतो, कधी जास्तच होतो.

खानापूरचा_पिंट्या: एट कशाला, सिक्स मार! कॅलिफोर्नियात पेबल बीचचा सातवा होल असाच समुद्रात घुसलेला, शंभरावर जेमतेम काही यार्ड. १९९२ च्या यूएस ओपनमध्ये टॉम काइटने शेवटच्या दिवशी तिथं सिक्स आयर्न मारला आणि स्पर्धा जिंकली.

कॅम्पातला_काका: जिंकला, पण त्या सिक्स आयर्नने ग्रीन चुकलंच होतं. बाजूच्या गवतातून मारलेली चिप (छोटा फटका) थेट होलमध्ये गेली म्हणून बर्डी झाली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी. आणि त्या दिवशी भल्याभल्यांची दाणादाण उडवणारा वारा होता. पोराला भलतं शिकवू नकोस.

टिळकवाडीकर: बरं, एट आयर्न. पण बॉल पलीकडे रेतीत पडला तर? मित्र म्हणतो बंकरचा (कोर्सवरच्या रेतीच्या खड्ड्याचा) नियम लागतो, फटक्याआधी क्लब रेतीला टेकवायचा नाही.

निवृत्त_गुरुजी: किनाऱ्याची रेती म्हणजे बंकर नव्हे. तिथले हद्दीचे खांब लाल की पांढरे?

टिळकवाडीकर: बघितलं नाही.

निवृत्त_गुरुजी: लाल असतील तर आहे तिथून खेळ, दंड नाही, २०१९ पासून क्लब टेकवलेलाही चालतो. नाहीतर एका फटक्याचा दंड घेऊन बॉल बाहेर ड्रॉप कर, म्हणजे हातातून खाली सोड. पांढरे असतील तर कोर्सबाहेर, परत टीवरून तिसरा फटका.

निपाणीकर: एवढं सगळं करण्यापेक्षा शुक्रवारी रात्रीच अनमोड घाटाने जा, सकाळी खेळ. चोर्ल्याचा रस्ता म्हणजे कंबरेचा खेळखंडोबा.

खानापूरचा_पिंट्या: अनमोड बरा? कधी गेला होतासा शेवटचं?

टिळकवाडीकर: रस्त्याचा नवा धागा काढा की. काका, दुपारी झेंडा अगदी पडलेला असला तर?

कॅम्पातला_काका: मग तुझा वेज. पण बॉल टीवर लावण्याआधी परत एकदा बघ.

निपाणीकर: आणि दमट हवेचं ध्यानात ठेव.