बिल्डरबर्ग, दावोस आणि बंद दाराआडच्या बैठका: खात्रीनं काय सांगता येतं?

सोयाबीनपट्टा:

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या वाचनालयात महिन्याकाठी एक चर्चा असते. यावेळी पोरांनीच विषय काढलाय, बिल्डरबर्ग. व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायलाय: युरोपातल्या एका हॉटेलात शंभर-दीडशे बडे लोक दरसाल गुपचूप जमतात आणि जगाचे सगळे निर्णय, अगदी आपल्या सोयाबीनचा भावसुद्धा, तिथंच ठरतो. निम्म्या पोरांचा यावर पक्का विश्वास आहे. निम्मी म्हणायलीत असली बैठकच नसते.

नुसती वादावादी नको, कागदावर दाखवता येईल असं हवंय. बैठक कोण बोलावतं, आत काय नियम असतात, यादी मिळते का? तिथं खरंच काही ठरतं का? दावोस हा त्यातलाच प्रकार का? आणि सोयाबीनबद्दल पोरांना काय सांगायचं?

गोदाकाठ:

बैठक होते. पहिली २९ ते ३१ मे १९५४ ला नेदरलँड्समधल्या ओस्टरबेक गावी, हॉटेल डी बिल्डरबर्गमध्ये झाली, नाव तिथूनच आलं. पुढाकार योझेफ रेटिंगर या पोलिश मुत्सद्द्याचा, अध्यक्ष डच राजघराण्यातले प्रिन्स बर्नहार्ड. शीतयुद्धाच्या काळात पश्चिम युरोप आणि अमेरिकेतल्या वजनदार लोकांत मोकळं बोलणं व्हावं, हा हेतू. तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी भरते. १९७६ ची रद्द झाली, २०२० आणि २०२१ कोरोनात गेली. अलीकडची ठिकाणं अशी: २०२२ वॉशिंग्टन, २०२३ लिस्बन, २०२४ माद्रिद, २०२५ स्टॉकहोम.

बोलावणं सुकाणू समितीकडून जातं. साधारण १२० ते १४० माणसं, त्यातली दोन-तृतीयांश युरोपातली, बाकी उत्तर अमेरिकेतली. सुमारे एक-चतुर्थांश राजकारण आणि सरकारातली. उरलेली बँका, कंपन्या, विद्यापीठं, माध्यमं यांतली. पाहुणचाराचा खर्च यजमान देशातल्या समिती सदस्यांनी उचलायचा, छोट्या कार्यालयाचा वार्षिक खर्च समितीच्या वर्गणीतून, अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच जाहीर केलेली आहे. ठराव होत नाही, मतदान होत नाही, शेवटी निवेदन निघत नाही. म्हणून 'बैठकीचा ठराव' म्हणून कुणी पीडीएफ पाठवली, तर ती तिथंच बाद समजा.

आतला नियम चॅथम हाऊसचा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्सनं तो १९२७ मध्ये केला, शेवटचा बदल २००२ चा. याच्याबद्दल हमखास चूक होते. ऐकलेलं बाहेर सांगायचंच नाही, असा हा नियम नाही. ऐकलेली माहिती वापरता येते; फक्त ती कुणी सांगितली, तो कुठल्या संस्थेचा, आणखी कोण हजर होतं, हे उघड करायचं नाही. म्हणजे विचार बाहेर येतो, त्याचा धनी येत नाही. माझा खरा आक्षेप इथंच आहे. बँकेचा अध्यक्ष आणि त्या बँकेवर कायदा करणारा मंत्री एका खोलीत तीन दिवस बसतात, आणि कोण कुणाला काय म्हणालं ते मतदाराला कधीच कळत नाही. त्यात गुन्हा घडलाच पाहिजे असं नाही, पण लोकशाहीत ही गोष्ट खटकायलाच हवी.

यादी आणि विषयपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर बैठकीच्या थोडे दिवस आधी येते. नाव, देशाचं लघुरूप, पद, एवढंच. नाटोच्या सरचिटणीसासारख्या माणसापुढं देशाऐवजी आंतरराष्ट्रीय संस्थेची खूण असते. यादीत नाव नसलेले लोकही येऊन जातात, असा आरोप पत्रकार करत आलेत. तेव्हा यादीत आहे म्हणजे निमंत्रित होता, एवढंच धरा. यादीत नाही म्हणजे नक्की गेला नाही, असं धरू नका.

पैशाचा माग काढायचा असेल तर 'अमेरिकन फ्रेंड्स ऑफ बिल्डरबर्ग' ही करमुक्त संस्था आहे. तिची ९९० क्रमांकाची वार्षिक विवरणपत्रं अमेरिकी कायद्यानं सार्वजनिक असतात. ती उतरवून घ्या, पोरांना दाखवायला उत्तम.

बालाघाट:

गोदाकाठ यांनी पाया घातलाच आहे. मी फक्त 'तिथं काही ठरतं का' यावर लिहितो, कारण दोन्ही गट इथंच घसरतात.

विश्वास ठेवणाऱ्यांचा लाडका दाखला म्हणजे बिल क्लिंटन १९९१ च्या बैठकीला गेले आणि १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. टोनी ब्लेअर १९९३ ला गेले आणि १९९४ मध्ये मजूर पक्षाचे नेते झाले. दोन्ही खरं आहे. पण समिती मुळात वर चढणारी माणसंच हेरून बोलावते. दाखला खरा करायचा तर जे येऊन गेले आणि पुढं काहीच झाले नाहीत, तेही मोजावे लागतील. पोरांना एका वर्षाची पूर्ण यादी द्या आणि प्रत्येक नावापुढं पाच वर्षांनंतरचं पद लिहायला लावा. दोन तास लागतील, पण यापेक्षा चांगली चर्चा होणार नाही.

आता 'नुसत्या गप्पा असतात' म्हणणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर १९१० मध्ये अमेरिकेचे सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच काही बँकवाल्यांना घेऊन खासगी रेल्वे डब्यातून जॉर्जियातल्या जेकिल बेटावर गेले. नोकरांना कळू नये म्हणून आडनावं घ्यायची नाहीत असं ठरलं होतं, बहाणा बदकांच्या शिकारीचा. तिथं मध्यवर्ती बँकिंगचा आराखडा तयार झाला. फ्रँक व्हँडरलिप या त्यातल्याच बँकरनं १९३५ मध्ये हे जाहीरपणे लिहिलं. तेव्हा गुप्त बैठकीतून कायद्याचा मसुदा निघू शकतो, हे सिद्ध आहे. मात्र पुढचा भाग फॉरवर्डमध्ये नसतो: ऑल्ड्रिच यांची योजना अमेरिकी संसदेत (काँग्रेसमध्ये) तशीच्या तशी मंजूर झाली नाही. डिसेंबर १९१३ चा फेडरल रिझर्व्ह कायदा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा कायदा, दुसऱ्या पक्षाच्या सरकारनं केला. तांत्रिक भागात साम्य बरंच होतं, पण वरचं नियंत्रण सरकारनं नेमलेल्या मंडळाकडं गेलं.

१९७६ ची बैठक का रद्द झाली तेही सांगा. लॉकहीड या विमान कंपनीकडून प्रिन्स बर्नहार्ड यांना ११ लाख डॉलर मिळाल्याचं प्रकरण उघड झालं. ते उघड केलं अमेरिकी सिनेटच्या उपसमितीनं, साक्षी आणि कागदपत्रांतून. हॉटेलच्या फाटकावर उभं राहून काही हाती लागत नाही असं मी म्हणत नाही. २०१३ मध्ये इंग्लंडातल्या वॉटफर्डला निदर्शकांच्या रेट्यामुळं पत्रकारांसाठी जागा करावी लागली आणि केनेथ क्लार्क या मंत्र्याला संसदेत उत्तर द्यावं लागलं. दबाव तिथून येतो, पुरावा मात्र संसदेच्या आणि कोर्टाच्या कागदातच सापडतो.

म्हणून माझी पद्धत सोपी आहे. बैठकीत काय बोलले ते हुडकत बसू नका. बैठकीला गेलेल्या माणसाच्या सहीनं पुढच्या वर्षभरात काय निघालं ते काढा, आणि त्याच्या शेजारी बसलेल्याचा त्यात फायदा होता का ते बघा.

सोयाबीनपट्टा:

दोघांचेही आभार. पण सोयाबीनवर कुणीच बोललं नाही. पोरं पहिला प्रश्न तोच विचारणार.

मोंढा:

सोयाबीनचं उत्तर बालाघाट यांच्या 'कुणाच्या सहीनं काय निघालं' याच पद्धतीनं द्या, सगळे कागद राजपत्रात आणि सरकारी संकेतस्थळांवर आहेत.

आधी गणित. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे भाव पेंडीवर जास्त आणि तेलावर थोडा कमी चालतो. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळं शिकागोचा सोयाबीन वायदा (पुढच्या तारखेच्या मालाचा आधीच ठरणारा भाव) आणि मलेशियाचं पामतेल यांचा धक्का मोंढ्यापर्यंत पोचतोच. पण मधे आपल्या सरकारचे दरवाजे आहेत, आणि ते कधी उघडायचे हे दिल्लीत ठरतं:

ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या) सोयापेंड आयातीला मुभा दिली. डिसेंबर २०२१ मध्ये शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि बंदी पुन्हापुन्हा वाढवली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं, आणि मे २०२५ अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. क्विंटलचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये, २०२५-२६ ला ५,३२८ रुपये. त्यात इथेनॉलसाठी मका गाळल्यावर उरणारा चोथा (डीडीजीएस) कोंबडीखाद्यात स्वस्तात जायला लागला, त्यानं पेंडीची मागणी खाल्ली.

हमीभाव असूनही माल खाली का जातो, तर खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. काढणीच्या वेळी पाऊस पडला की माल त्यात बसत नाही, आणि नड असलेला शेतकरी आडतीवर मोकळा होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर बऱ्याच जणांचा माल विकून झाला होता. या एकाही निर्णयासाठी युरोपातलं हॉटेल लागत नाही. जबाबदार खातं, तारीख, अधिसूचना सगळं समोर आहे. फॉरवर्डचा तोटा हाच की ज्याला जाब विचारता येतो त्याच्यावरून नजर हटते.

कलम सहा:

दावोसचं मी सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या या गावी वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची वार्षिक बैठक भरते. हे फोरम १९७१ मध्ये क्लाउस श्वाब यांनी सुरू केलं, तेव्हा नाव युरोपियन मॅनेजमेंट फोरम होतं, १९८७ मध्ये बदललं. बिल्डरबर्गहून वेगळं: बरीच भाषणं थेट प्रक्षेपित होतात, बंद असतात त्या खासगी भेटी आणि काही निमंत्रितांच्या बैठका. आपला संबंध येतो तो सामंजस्य करारांशी. जानेवारी २०२५ ला महाराष्ट्रानं तिथं १५ लाख कोटी रुपयांवरचे करार जाहीर केले. सामंजस्य करार म्हणजे गुंतवणूक नव्हे, तो कुणावर बंधनकारक नसतो. आपल्या भागाच्या नावावरचा करार पुढं सरकला का, हे असं तपासा.

जमीन: एमआयडीसीचं वाटपपत्र निघालं का. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरासाठी वेगळी कंपनी आहे, महाराष्ट्र इंडस्ट्रियल टाऊनशिप लिमिटेड, तिच्याकडं विचारा. पर्यावरण: केंद्राच्या परिवेश पोर्टलवर अर्ज दिसतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं उभारणीची संमती. जाहीर सुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी नोटीस हवी. मंजुरी असलेल्या औद्योगिक क्षेत्रात सुनावणी नसूही शकते, म्हणून नोटीस नाही यावरून निष्कर्ष काढू नका. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर सेबीच्या नियम ३० खालचं तिचं निवेदन वाचा. मोठी गुंतवणूक खरी असेल तर भागधारकांना सांगावीच लागते. मंत्र्यानं सांगितलेला आकडा आणि कंपनीनं बाजाराला दिलेला आकडा शेजारीशेजारी लावा.

माहिती अधिकाराचा अर्ज उद्योग विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, इथंच निम्मे अर्ज अडकतात. दौऱ्याचा खर्च आणि करारांच्या प्रती, दोन वेगळे अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. 'का', 'कशासाठी' असले प्रश्न विचारू नका, ते सरळ नाकारतात. 'शिष्टमंडळातल्या व्यक्तींची यादी', 'खर्चाच्या मंजुरीच्या टिपणीची प्रत', असं कागदाच्या नावानं मागा. व्यापारी गोपनीयतेचं कलम ८(१)(डी) पुढं केलं तर कलम १० दाखवा: झाकायचा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो.

आणखी एक, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आमदार, खासदार, पक्षाचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी नोकर यांनी परदेशात गेल्यावर परदेशी संस्थेचा पाहुणचार घ्यायचा तर परदेशी योगदान नियमन कायदा २०१० च्या कलम ६ खाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२, साधारण दोन आठवडे आधी. अशी परवानगी घेतली का, हे केंद्रीय गृह मंत्रालयाकडं माहिती अधिकारात विचारता येतं. केंद्राला शब्दमर्यादा ५०० आहे.

सोयाबीनपट्टा:

मोंढा भाऊ आणि कलम सहा, मोठं काम केलंत. शेवटचं एक: २०२३ च्या बैठकीत 'भारत' हा विषय होता म्हणे. खरं का?

गोदाकाठ:

खरं आहे. लिस्बनच्या विषयपत्रिकेत कृत्रिम बुद्धिमत्ता, बँकिंग, चीन, ऊर्जा, नाटो, युक्रेन यांच्या ओळीत 'भारत' असा एक शब्द होता. त्या यादीत मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला होते, पण कंपनीचे प्रमुख म्हणून. त्यांना भारताचे प्रतिनिधी समजू नका. त्या एका शब्दावरून आपल्याविरुद्ध कट शिजला असंही म्हणता येत नाही आणि आपली शान वाढली असंही नाही. विषयपत्रिका मागच्या वर्षांच्याही संकेतस्थळावर आहेत. सात-आठ वर्षांच्या छापून भिंतीवर ओळीनं लावा. चीन आणि रशिया किती वर्षं आहेत, भारत कुठल्या वर्षी येतो, हे पोरांना स्वतः शोधू द्या. छापताना त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या, फॉरवर्डमधल्या याद्यांत नावं घुसडलेली असतात.