दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आतलं नीट दिसतं का?

निपाणीच्या ताई, आईंच्या पित्ताशयातल्या खड्यांसाठी बेळगावच्या डॉक्टरांनी दुर्बीण सुचवलीय आणि घरचे म्हणतायत, पोट उघडल्याशिवाय दिसणार कसं. उलट दुर्बिणीचा कॅमेरा सगळं मोठं करून पडद्यावर दाखवतो. पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि काम करायला जागा होते. ५ ते १० मिलिमीटरच्या छिद्रांतून अवजारं जातात. पित्ताशयाच्या नळीला आणि रक्तवाहिनीला क्लिपा लावून खड्यांसकट अख्खं पित्ताशय काढतात. पित्त यकृतात तयार होतं, त्यामुळे पचन चालू राहतं. पद्धत नवखीही नाही, मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० मध्येच ती सुरू केली. अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय यांसाठीही ती वापरतात.

मात्र सूज फार असली, अवयव चिकटलेले असले किंवा रक्तस्राव आटोक्यात येईना, तर ऐनवेळी पोट उघडावं लागतं. तो निर्णय शहाणपणाचा असतो, सर्जन चुकला असं मानू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आधीच सांगा.

संमतीपत्र बेळगावात बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत मिळेल. मराठीत समजावून घेतल्याशिवाय आईंची सही होऊ देऊ नका, हे कळकळीने सांगतो. नंतर खांदा दुखला तर घाबरू नका, तो गॅसचा परिणाम असतो. ताप, कावीळ किंवा वाढती पोटदुखी दिसली तर लगेच दवाखाना गाठा.