मदत हवी आहे : दिराच्या अपघाताचा दावा किती रकमेचा लावावा?

मंडळी, इंदूरच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात कोणी दावा लढवलाय का? भंवरकुआँजवळ उलट्या बाजूनं आलेल्या कारनं माझ्या दिराच्या बाइकला उडवलं. नडगीत रॉड आहे. वय ३३, कटिंग मास्टर, दिवसभर टेबलाशी उभं राहायचं काम. आता थोड्या वेळात पाऊल असं सुजतं की चप्पलही चढत नाही.

हिशेब एवढा कळला : वार्षिक उत्पन्न गुणिले कमाईतली घट गुणिले वयाचा गुणक. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालानुसार (२००९) ३१ ते ३५ वयाला १६. उपचारांचा खर्च नि वेदनांची भरपाई वेगळी. घोडं अडलंय टक्क्यांवर. डॉक्टरांच्या दाखल्यात पायाचं अपंगत्व २० टक्के, कारचे विमावाले म्हणतात पूर्ण शरीराचं ८च धरा. महिना १५,००० धरले तर कुठे ५,७६,००० नि कुठे २,३०,४००! सुप्रीम कोर्टाचाच राजकुमार निकाल (२०१०) तर सांगतो, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघा. मग २०हून जास्त मागता येतील ना?

पगार रोख मिळायचा, चिठ्ठीचपाटी काही नाही. शेठजींची साक्ष चालते का? शिवाय विमावाले तडजोडीच्या सहीसाठी मागे लागलेत, त्यांना एवढी कसली घाई? ओळखीतला खात्रीचा वकील असेल तर जरूर कळवा.