मदत हवी आहे: बीपी उतरलं, मग पाय का सुजले?
मंडळी, आई मालवणला असते. अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची गोळी) सुरू झाल्यापासून बीपी १३०/८० वर आलंय, पण संध्याकाळी घोटे सुजतात.

मला कळलंय ते असं: केशवाहिनीच्या (सगळ्यात बारीक रक्तवाहिनीच्या) सुरुवातीला दाब साधारण ३५ मिमी पारा, शेवटी १५. रक्तातली प्रथिनं सुमारे २५ च्या जोराने पाणी आत ओढतात. म्हणजे आधी पाणी पेशींकडे झिरपतं, पुढे बरंचसं परत येतं, उरलेलं लसीकावाहिन्या (जादा पाणी रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्या) नेतात. या गोळीने धमनिका (केशवाहिन्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या) सैलावतात, म्हणून केशवाहिन्यांत दाब उलट वाढतो. बरोबर ना?

मग लघवीच्या गोळीने ही सूज उतरते का, की डॉक्टर औषधच बदलतात? सुकट (सुकी मासळी) आणि आगळ (कोकमाचा खारट रस) मिठामुळे बंद केलंय (त्यावरून आईचा रुसवा वेगळाच!). गोळी मनाने थांबवणार नाही, पण डॉक्टरांना नेमकं काय विचारू?